गच्चीवरच्या जांभळ्या नळ्या

शेजारच्या दोघीजणी रिकामे डबे घेऊन सकाळी सकाळी दारात उभ्या राहिल्या, तेव्हा वसुमती आरशासमोर वेणी घालत होती.

"वसुमती, तुमच्या कॉलेजात हवेतून सीमेएण्णे काढतात म्हणे. आम्हाला कधीपासून मिळणार?"

सीमेएण्णे म्हणजे रॉकेल. बसवनगुडीतल्या या मराठी घराचा बंगळुरात तीनशे वर्षांचा मुक्काम होता. तेवढ्या काळात बरेच कन्नड शब्द कायमचे राहायला आले होते, त्यांतलाच हा एक. वसुमतीच्या हातातला पेड हातातच राहिला. ती काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून कावेरीअक्का पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "स्वल्प थांबा. अजून बाटली भरेल इतकं होत नाही. झालं की पहिलं तुम्हालाच."

शेजारणी समाधानाने परत गेल्या. वसुमती कपाळाला हात लावून बसली.

"अक्का, अगं, रॉकेल नाही गं ते!"

"नसेल. होईल की पुढं," अक्का म्हणाली. "तुझ्या सरांनीच त्या अप्पासाहेबांना सांगितलं म्हणे, आणि अप्पासाहेबांनी सगळ्या गांधीबाजाराला. मी एकटी नाही कशाला म्हणू?"

कावेरीअक्का ही खरी वसुमतीची आत्या, पण सगळं घर तिला अक्काच म्हणे. वसुमतीची आई लवकर गेली, वडील नोकरीपायी तालुक्या-तालुक्यांत फिरत राहिले, आणि पोरीला अक्काने वाढवलं. पोरगी एम.एस्सी. होऊन प्रयोगशाळेत रमली, सत्तावीस वर्षांची झाली, तरी लग्नाचं नाव काढेना, याचा अक्काला घोर होता. पण तीच अक्का बाहेर कोणी विचारलं की छाती पुढे काढून सांगे, "आमची वसुमती पानाचं काम पुडीकडून करून घेते."

आणि खरोखर काम तेच होतं.

१९५९ साल होतं. वसुमतीचे मार्गदर्शक प्राध्यापक हयवदनराव पन्नाशी उलटलेले, उंच, वाकलेले आणि कायम घाईत असलेले गृहस्थ होते. वर्गात ते इंग्रजी बोलत, कचेरीत कन्नड, आणि फार उत्साहात आले की घरचं मराठी. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला खिडकीशी नेलं होतं. समोर लाकडाच्या वखारीत ओंडके रचलेले, पलीकडे रेल्वेच्या इंजिनाचा काळा धूर.

"झाडाचं पान काय करतं, सांग. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, पाणी घेतं, ऊन घेतं, आणि लाकूड करतं. आपण ते लाकूड जाळतो आणि धूर पुन्हा हवेत सोडतो. आता मधलं झाड नकोच म्हटलं तर? धुराचंच सरळ इंधन केलं तर?"

"कशाने, सर?"

सरांनी कपाटातून एक बाटली काढून तिच्या हातात दिली होती. आत पांढरीशुभ्र पूड. झिंक ऑक्साइड. मलमात घालतात, रंगात घालतात, ते.

"तांब्यातून वीज सरळ धावते, काचेतून धावतच नाही. ही मधल्या जातीची. अर्धवाहक. अंधारात गप्प बसते, पण ऊन पडलं की हिच्यातले इलेक्ट्रॉन जागचे उठतात. त्या उठलेल्यांना रिकामं बसू द्यायचं नाही. कामाला लावायचं."

वसुमतीला तो विचार असा काही आवडला, की त्या दिवशी बसमध्ये आपला थांबा कधी मागे पडला तेही तिला कळलं नाही.

काम चालायचं ते सगळं कणाच्या पृष्ठभागावर. म्हणून पूड जितकी बारीक, तितकी उन्हाला आणि वायूला भेटायला जागा जास्त. वसुमतीने हे अक्काला सांगितलं तेव्हा अक्का म्हणाली, "म्हणजे तेवढ्याच पिठाचे पातळ हप्पळ लाटले तर वाळवायला जास्त गच्ची लागते, तसं." वसुमतीने पुढे विद्यार्थ्यांना हेच उदाहरण कैक वर्षं दिलं.

बारीक पूड करणं मात्र हप्पळ, म्हणजे पापड, लाटण्याइतकं सोपं नव्हतं. द्रावणातून हळूहळू साका पाडायचा, धुवायचा, भट्टीत भाजायचा, मग अकीकाच्या खलात घोटत बसायचं. घोटलेल्या पुडीत गुठळ्या राहतात, म्हणून शेवटी ती तलम कापडातून वस्त्रगाळ करायची. त्यासाठी अक्काने आपल्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे काढून दिले होते, आणि दर आठवड्याला ते घरी आणून ती स्वतः धुऊन, वाळवून, घडी घालून देत असे.

ही पूड पाण्यात घालून काचेच्या नळ्यांत भरायची, वर कार्बन डायऑक्साइड सोडायचा, बूच घट्ट बसवायचं आणि नळ्या कॉलेजच्या गच्चीवर उन्हात मांडायच्या. काही नळ्यांना काळं कापड गुंडाळायचं, म्हणजे अंधारात काय होतं तेही कळेल. दुपार कलली की पाणी गाळून तपासायचं. सरांचा अंदाज असा, की आधी फॉर्माल्डिहाइड तयार होईल; बेडूक ज्यात जपून ठेवतात त्या फॉर्मालिनमधलं. तिथून एक पायरी पुढे गेलं की लाकडी स्पिरिट, आणि ते जळतं. फॉर्माल्डिहाइड असलं, तर तपासणीच्या आम्लात जांभळा रंग यायला हवा.

पहिलं वर्षभर काहीच आलं नाही. पूड अजून बारीक करायला हवी, सर म्हणत. वसुमती आणखी घोटायची. तिच्या उजव्या खांद्याला त्या खलाची कायमची ओळख झाली. मग फेब्रुवारीतल्या एका निरभ्र दुपारी तिने नळी तापवली, आणि तळातून जांभळा रंग वर चढला. अगदी जांभळाच्या सालीसारखा. काळ्या कापडातल्या नळीतलं पाणी मात्र कोरंच राहिलं.

ती जिना उतरून धावत गेली. सर वर्ग घेत होते. तिने दारातूनच नळी उंच धरली. सरांनी फळ्यावरचं अर्धं समीकरण तसंच सोडलं, खडू खिशात टाकला, आणि भरल्या वर्गासमोर इंग्रजी-कन्नड सगळं विसरून ओरडले, "आला! रंग आला!" त्या संध्याकाळी त्यांनी साऱ्या विभागाला मसाला डोसा खिलवला.

रंग दर उन्हाच्या दिवशी येऊ लागला. कॉलेजच्या मंडळाचे अध्यक्ष अप्पासाहेब हे मूळचे बेळगावकडचे, बंगळुरात उदबत्त्यांचा मोठा कारखाना चालवणारे गृहस्थ. सरांनी त्यांना हर्षभरात सगळं सांगितलं. त्यांच्या ध्यानात 'हवा', 'ऊन' आणि 'इंधन' एवढे तीनच शब्द राहिले. रामनवमी झाली की गच्चीवर समारंभ करायचा, सूर्यप्रयोगशाळा म्हणून फीत कापायची, असं ठरलं. आणि डबे घेऊन शेजारणी दारात आल्या त्या या सगळ्यापायी.

समारंभासाठी वसुमतीला एक सुबक आलेख करायचा होता. कार्बन डायऑक्साइड अर्धा घातला तर रंग निम्मा, पाव घातला तर पाव. अशी चढती रेघ लोकांना दाखवायला छान दिसेल. तिने नळ्या लावल्या, तपासल्या, आणि रांगेत ठेवून पाहिल्या.

सगळ्या सारख्याच जांभळ्या.

तिला वाटलं, वायू मोजण्यात चूक झाली. पुन्हा केलं. पुन्हा सारख्याच. दुसऱ्या दिवशी तिने एका नळीतला वायू पुरता काढून टाकला, पाणी उकळून घेतलं आणि नुसता नायट्रोजन भरला. या नळीत कार्बन डायऑक्साइडचा कण नव्हता. यातून काही बनायचं तर ते कशातून बनणार?

दुपारी ती नळीही जांभळी झाली. तीच सगळ्यांत गडद.

वसुमती गच्चीच्या कठड्याला टेकून बराच वेळ उभी राहिली. खाली शिपाई समारंभाच्या कमानीसाठी बांबू मोजत होता. ऊन काहीतरी करत होतं यात शंका नव्हती. पण जे बनत होतं ते हवेतून बनत नव्हतं. नळीत कुठली तरी घाण होती, पूड ती उन्हात कुरतडत होती, आणि वर्षभराच्या कष्टांचा तो रंग त्या घाणीचा होता.

रविवारी ती सरांच्या घरी गेली. सर अंगणात गुलाबाला खत घालत होते.

"सर, नायट्रोजनची नळी लावली होती."

"मग?"

"जांभळी झाली."

सरांनी हातातलं खुरपं हळूच खाली ठेवलं. "गळती असेल. बाहेरची हवा शिरली असेल."

"बूच मेणाने बंद केलं होतं, सर. तीनदा केलं."

सर जवळच्या दगडावर बसले. त्यांचा चेहरा असा उतरलेला तिने कधी पाहिला नव्हता. मनातल्या मनात ती स्वतःला दोष देऊ लागली. कशाला केली ही नळी? समारंभ झाल्यावर केली असती तर? पण तो विचार मनात येताच तिला त्याची लाजही वाटली.

"अप्पासाहेबांनी आमंत्रणपत्रिका छापल्या," सर म्हणाले. गुलाबावर एक मधमाशी येऊन गेली. शेवटी त्यांनी मान वर केली. "ही नळी मी रंग आला त्याच दिवशी लावायला सांगायला हवी होती. अंधारातली नळी कोरी राहिली आणि मी भुललो. तू लावलीस ते बरं केलंस." आणि उठता उठता त्यांच्या आवाजात पुन्हा ती नेहमीची घाई आली. "पण मग वसुमती, हे येतंय कुठून?"

दोघं त्या प्रश्नामागे हात धुऊन लागली. रबराची बुचं काढून काचेची बसवली, रंग आला. पाणी दोनदा ऊर्ध्वपातित केलं, आला. नळ्या भट्टीत भाजून घेतल्या, तरीही आला. सर तर म्हणू लागले, की गच्चीवरची पिंपळाची फांदी तोडू या, तिची धूळ येत असेल.

समारंभ आठवड्यावर आला. संध्याकाळी वसुमती वैतागून घरी परतली, पायरीवर चपला भिरकावल्या आणि मागच्या अंगणात हात धुवायला गेली. तिथे कावेरीअक्का पाटावर बसून, एका पातेल्यात काहीतरी बुचकळून पिळत होती.

"काय करतेस गं?"

"तुझंच काम. ते गाळायचं कापड फार मऊ पडलं होतं, लोळागोळा होत होतं. गंजीत घातलं की कसं ताठ राहतं बघ."

गंजी म्हणजे भाताची पेज, कपड्यांना खळ म्हणून द्यायची. वसुमती पातेल्याकडे बघत राहिली.

"अक्का, हे तू कधीपासून करतेस?"

"या थंडीपासून. का गं? सरकारी काम, मोठ्या लोकांसमोर जाणार. पोतेऱ्यासारखं कापड कसं द्यायचं?"

या थंडीपासून. आणि रंग आला होता फेब्रुवारीत. खळीची ती पांढरी भुकटी कापडातून झडून पांढऱ्या पुडीत मिसळत होती, आणि ऊन पडलं की पूड तिचा फडशा पाडत होती. वसुमती विहिरीच्या कट्ट्यावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्का घाबरून ओल्या हातांनी तिच्याजवळ आली.

"अय्यो, काय झालं? चुकलं का माझं काही?"

"अक्का, फेब्रुवारीपासून आम्ही हवेतून इंधन काढत होतो ना, ते तुझ्या भाताचं निघालं!"

अक्काला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती रडकुंडीला आली. सरांना तोंड कसं दाखवू म्हणाली. वसुमतीने तिला जवळ घेतलं. "उलट तुझ्यामुळे सापडलं. नाहीतर सर तो पिंपळ तोडायला निघाले होते."

दुसऱ्या दिवसापासून कापड बंद झालं. पूड पाण्यात ढवळून, जड कण खाली बसू देऊन, वरचं बारीक तेवढं ओतून घ्यायचं आणि शेवटी पुन्हा भट्टीत भाजायचं, अशी नवी रीत वसुमतीने बसवली. आता नायट्रोजनची नळी कोरी राहिली. आणि कार्बन डायऑक्साइडची? तिच्यात अगदी फिका, जांभळा म्हणावा की भास म्हणावा, असा काहीतरी दिसे. एके दिवशी दिसे, एके दिवशी नाही.

समारंभाच्या दिवशी गच्ची माणसांनी भरली. गुळाचं पानक आणि भिजल्या डाळीची कोसंबरी वाटून झाली. अप्पासाहेब जरीची पगडी घालून पहिल्या रांगेत बसले होते. बसवनगुडीच्या शेजारणींनाही घेऊन कावेरीअक्का आली होती; न येण्याचं तिला धैर्य झालं नसावं, लोक काय म्हणाले असते.

हयवदनराव उभे राहिले. "मी आपल्याला एक गोष्ट दाखवायला बोलावलं होतं. ती गोष्ट चुकीची निघाली. चूक कशी सापडली आणि काय शिल्लक राहिलं, ते ही वसुमती सांगेल."

वसुमती पुढे आली. तिने दोन नळ्या हातात घेतल्या, एक कोरी, एक जांभळी, आणि साध्या भाषेत सगळं सांगितलं. ऊन, पूड, नायट्रोजनची नळी, कापड.

अप्पासाहेबांच्या कपाळावर आठ्या चढत होत्या. "म्हणजे हवेतून काहीच निघत नाही?"

"निघत असावं, साहेब. पण इतकं थोडं, की मला आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही."

"मग हा एवढा भडक रंग कसला?"

वसुमती अडखळली. "आमच्या घरच्या... गंजीचा."

तेवढ्यात मागच्या रांगेतून कावेरीअक्का ताडकन उभी राहिली. तिला राहवलं नाही. "गंजी मीच दिली होती," ती म्हणाली, "पण पातळच दिली होती हो!"

मग हयवदनराव हसले, आणि त्यांच्यामागून सगळी गच्ची हसली. शेजारणी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. अप्पासाहेबांनी आठ्या टिकवायचा प्रयत्न केला, पण त्यांचं पोट आधी हललं, मग पगडी हलली, आणि शेवटी त्यांनी रुमालाने डोळे पुसले.

"माझ्या कारखान्यात," ते म्हणाले, "चूक झाली म्हणून कोणी कधी येऊन सांगत नाही. गिऱ्हाइकाकडून माल परत आला, की तेव्हा मला कळतं. तुम्ही बोलावून सांगितलंत. आणा ती कात्री." आणि त्यांनी फीत कापली. जाताना वसुमतीजवळ थांबून हळूच विचारलं, "पण ती पूड खळ खाते म्हणता, ते खरं ना?"

"ते अगदी खरं, साहेब."

"मग तेही काही कमी नाही."

वसुमतीचा पहिला निबंध छापून आला तो याच विषयावर: असल्या प्रयोगांत खोटा रंग कसा येतो आणि तो कसा टाळावा. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने आभार मानून कळवलं, की त्यांच्याही नळ्या आता कोऱ्या झाल्या आहेत, आणि त्यामुळे ते फार दुःखी आहेत. हयवदनरावांनी ते वाचून दिवसभर शीळ घातली.

तो फिका रंग मात्र वसुमतीच्या मनातून गेला नाही. पुढची पाच वर्षं ती पूड अधिकाधिक बारीक करत राहिली. कण इतके लहान झाले की पाण्यात दिवसच्या दिवस तरंगत राहत. या मधल्या काळात अक्काने स्थळं आणली, वसुमतीने ती नाकारली, आणि एका शिवरात्रीला अक्काने जाहीर केलं की आता आपण थकलो, सरी, ठीक आहे, तुला हवं तसं राहा. त्या दिवशी दोघी लालबागेत जाऊन शेंगा खात बसल्या, आणि घरात एकदम मोकळं वाटू लागलं.

१९६४ मध्ये खुणेचा कार्बन मिळू लागला. हा कार्बन किरणोत्सारी असतो; तो ज्या पदार्थात जातो तिथून आपण असल्याची वर्दी देत राहतो. वसुमतीने या खुणेच्या कार्बनपासून कार्बन डायऑक्साइड तयार केला, आणि तो नळ्यांत भरून उन्हात ठेवला. आता नळीत जे बनेल त्यात खूण सापडली, तर तो कार्बन त्या वायूतूनच आलेला. भातातून नाही, बुचातून नाही, कुणाच्या हाताच्या तेलातून नाही.

मोजणीच्या दिवशी सर निवृत्त झालेले असूनही काठी टेकत आले. त्यांना आता कमी ऐकू येई. किरण मोजणारं यंत्र आधी आपल्या संथ चालीने टिकटिकत होतं. वसुमतीने नळीतून वेगळा काढलेला, सुकवलेला फॉर्मिक आम्लाचा, म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या अलीकडच्या पायरीचा, क्षार त्याच्या तोंडाशी सरकवला.

टिकटिक वाढली. फार नाही. पण पावसाचे थेंब पत्र्यावर जरा दाट व्हावेत, तशी वाढली आणि वाढलेलीच राहिली.

"वाढली का?" सरांनी विचारलं.

वसुमतीने त्यांचा हात धरून यंत्राच्या पेटीवर ठेवला. लाकडातून ते ठोके त्यांच्या बोटांना जाणवले. ते डोळे मिटून उभे राहिले.

"किती बनलंय?"

"सर, मुंगीला पुरणार नाही इतकं."

"पण हवेतलं?"

"हवेतलंच."

निबंधात तिने 'अत्यल्प' असा शब्द लिहिला. सरांना तो काढून 'निश्चित' घालायचा होता. त्यावर दोघं एक अख्खी दुपार भांडली, आणि अखेर दोन्ही शब्द ठेवले. मग सर दमून खुर्चीतच झोपले. वसुमती एकटी गच्चीवर गेली. आभाळ स्वच्छ होतं आणि ऊन अजून बरंच शिल्लक होतं. तिने पदर खोचला आणि उद्याच्या नळ्या धुवायला घेतल्या.